आधी घरातल्या घरात

प्रिय सई,

खारीला अजून फिरायला नेऊ नकोस.

तुझा व्हिडिओ पाहिला. लीशची कडी अडकवल्याबरोबर ती डायनिंग टेबलाखाली पोट जमिनीला लावून बसली आहे, अनिकेत दारात दुसरं टोक धरून उभा आहे, तू मागून ‘चल ना गं राणी’ म्हणते आहेस आणि सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या तुझ्या सासूबाई तिघांकडेही सारख्याच संशयाने पाहताहेत. खाली तू विचारलंयस, ‘मावशी, थोडं ओढलं तर चालेल का? एकदा बाहेर पडली की मोकळी होईल ती.’

चालणार नाही. कुत्र्याला पुढे ओढलं की ते मागे रेलतं. तुझा दंड धरून कुणी अनोळखी दाराकडे खेचलं तर तूही आधी पाय रोवशील, मग विचारशील कुठे जायचंय म्हणून. खारीला तर विचारताही येत नाही. आज जोर लावून तिला लिफ्टपर्यंत नेलंस तर उद्या ती लीश दिसल्याबरोबर टेबलाखाली जाईल आणि परवा तुझ्या हाताची चाहूल लागल्याबरोबर. मग लीशची भीती बाजूलाच राहील, तुझी भीती घालवत बसावं लागेल. ते काम फार अवघड. माझ्याकडे तात्पुरती म्हणून येऊन राहिलेली कितीतरी कुत्री नेमकी तेवढ्याचसाठी आलेली होती.

लोक म्हणतात, रस्त्यावरचं कुत्रं, त्याला कसली आलीय भीती! रस्त्याची नसतेच. रिक्षांचे हॉर्न, पाण्याचा टँकर, वरातीतला डीजे हे सगळं खारीच्या ओळखीचं. अनोळखी आहे ते तुझं घर. डोक्यावर गरगरणारं पातं, स्वतःचंच तोंड दाखवणारं कपाट, फ्लश, मिक्सर, कुकरची शिट्टी आणि पायाखालून निसटणाऱ्या त्या चकचकीत टाइल्स. स्कॉट आणि फुलर या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून त्यांच्या नोंदी ठेवल्या. १९६५ साली त्यांचं पुस्तक आलं. पिल्लू साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याच्या जगात सहज जमा होतं. त्यानंतर भेटणारी प्रत्येक नवी गोष्ट आधी संशयित ठरते आणि मग हळूहळू सुटते. खारीचे ते आठवडे कुठल्यातरी बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर गेले असणार. तेव्हा तिच्या दृष्टीने जंगल आहे ते तुझ्या दाराच्या आत. शिकवणीही तिथूनच सुरू व्हायला हवी.

दुसरी गोष्ट तिच्या कानाची. कानाच्या टोकाला खाच आहे ती कुणी चावल्याची नव्हे, नसबंदी झाल्याची खूण आहे. म्हणजे कधीतरी जाळं टाकून नाहीतर गळ्यात फास अडकवून तिला पकडलं असणार, गाडीत घातलं असणार. शस्त्रक्रिया झाली, काही दिवस पिंजऱ्यात ठेवलं आणि परत सोडलं. तिच्या भल्याचंच होतं ते. पण गळ्याकडे येणारी दोरी काय करू शकते, याची माहिती तुझ्या-माझ्यापेक्षा तिला जास्त असण्याची शक्यता आहे. तिला हट्टी म्हणू नकोस.

शी-शूचं काय, हा तुझा पुढचा प्रश्न मला इथे सांगलीत ऐकू येतोय. मागच्या बाल्कनीत एक मोठा पसरट ट्रे ठेव, त्यात माती आणि वर थोडं गवत. खारीला मातीची सवय आहे. टाइल्सवर करणं तिलाही आवडत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर तिला तिकडे न्यायचं, केलं की तिथल्या तिथे खाऊ. आत कुठे केलंच तर ओरडायचं नाही. पुसून घे आणि त्या जागी पाण्यात थोडं व्हिनेगर घालून फडकं मार. फिनाईल नको; ते पायाला लागतं आणि कुत्री पाय चाटतात. तसंही सध्या बाहेर पाऊस आहे. साचलेल्या पाण्यात उंदराचं मूत मिसळलेलं असतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, कुत्र्यांना आणि माणसांनाही. तिच्या लसी अजून पूर्ण व्हायच्यात. तेव्हा थोडे दिवस घरात राहण्यात तिचं काही नुकसान नाही.

आता वस्तूंकडे. अनिकेतने आणलेली साखळी आधी घराबाहेर काढ. आमच्या लहानपणी जतला माझ्या आजोबांकडे कारवान कुत्री होती, सशामागे धावायची, लांब तोंडाची. त्यांची डोकी मानेहूनही निमुळती. गळ्यातला पट्टा मागे रेलून, डोकं खाली घालून असा अलगद काढायची की बघत राहावं. म्हणून आजोबा पट्टा घट्ट करायचे, साखळी जाड आणायचे, आणि गावात सगळेच करतात तसं दिवसभर बांधून रात्री सोडायचे. त्यातून तयार व्हायची ती राखण करणारी कुत्री नव्हेत, चिडलेली कुत्री. आज कुणी तसं केलं तर ते कायद्यातही बसत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. हे कुणाला फारसं ठाऊक नसतं, तुमच्या खालच्या बंगल्यातल्या लोकांनाही नसावं.

खारीला गळपट्टा असू दे, त्यावर तुझा फोन नंबर असू दे, पण नुसत्या त्यालाच लीश लावू नकोस. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा हार्नेस आण. ओढ बसलीच तर ती गळ्यावर न येता छातीच्या हाडावर येते. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत, काखेत घासता कामा नये. लीश दोन लागतील. बाहेरची पाच-सहा फुटांची, साधी, जरा मजबूत. आणि घरातली वेगळी: तेवढीच लांब, पण बोटाएवढी रुंद, वजनाला काहीच नसलेली, कडीही लहान. हिच्या टोकाला हात घालायचा जो फासा असतो तो कात्रीने कापून टाक. घरात ही लीश तिच्या मागे जमिनीवरून फरफटणार आहे. फासा असला की तो खुर्चीच्या पायात अडकतो, खुर्ची हलते, खारी पळते, खुर्ची तिच्या मागे लागते. आणि त्या एका मिनिटाने पंधरा दिवसांची मेहनत धुऊन जाते. टाइल्सवर टेबलापासून बाल्कनीपर्यंत आणि दारापर्यंत सतरंज्या, जुन्या योगा मॅट, जे असेल ते अंथर. पाय घसरत असताना कुणीच धीट होत नाही.

मग खाऊ. ग्लुकोजची बिस्किटं नकोत. रस्त्यावर सगळे तेच देतात, तिला त्याचं काय कौतुक! उकडलेलं चिकन, अंडं किंवा पनीर, तुकडा वाटाण्याएवढा, आणि तेवढं तिच्या जेवणातून कमी कर. सफरचंदाची फोड चालेल, बी काढून. द्राक्षं आणि बेदाणे मात्र एकही नाही. सांगलीच्या बाईने हे लिहावं म्हणजे कठीणच, पण थोड्याशा बेदाण्यांनीसुद्धा काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. मी दरवर्षी पाठवते तो डबा सगळ्यात वरच्या फळीवर जाऊ दे, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा तिला कुणी प्रेमाने भरवणार नाही एवढं बघ. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही. सासूबाईंसाठी शुगर-फ्री काही आणत असाल तर त्यात झायलिटॉल आहे का ते वाच. तेही कुत्र्यांना विष.

आता खरं काम. इथे क्रमाला फार महत्त्व आहे आणि बहुतेक माणसं क्रमातच चुकतात. पावलोव्हचं नाव तू शाळेत ऐकलंयस. त्यांना १९०४ चं नोबेल मिळालं ते पचनाच्या अभ्यासासाठी. पण जगाच्या लक्षात राहिली ती खाण्याआधी मिळणाऱ्या खुणेनेच लाळ गाळणारी कुत्री. आधी खूण, मग खाणं. तू व्हिडिओत उलटं करते आहेस. चिकन दाखवून तिला जवळ बोलावतेस आणि ती खाते आहे तोवर लीश अडकवतेस. चार दिवसांनी लीश आवडायची तर राहूच दे, चिकनचा वास आला की ती टेबलाखाली जाईल. कारण चिकननंतर काय येतं ते तिला कळलेलं असेल. म्हणून हात रिकामे ठेव. हार्नेस पिशवीतून निघाला, जमिनीवर पडला, आणि मग कुठूनतरी चिकन आलं. हार्नेस परत पिशवीत गेला, चिकन बंद. एवढंच. तीन-चार मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, जेवणाच्या आधी, पोट रिकामं असताना.

दोन-तीन दिवसांत पिशवीच्या आवाजाला तिचे कान उभे राहतील. मग हार्नेसचं कडं एका हातात धर आणि त्याच्यातून पलीकडे दुसऱ्या हातात खाऊ धर. तोंड तिने घालायचं. तू तिच्या डोक्यावरून काही उतरवायचं नाही. आज नाक आत, उद्या डोळ्यांपर्यंत, परवा कानांपर्यंत. मागे गेली तर जाऊ दे, हात तिच्या पाठोपाठ नेऊ नकोस. बकलच्या ‘टक्’ आवाजाची वेगळी ओळख करून दे, तिच्यापासून लांब, मुठीत दाबून: टक्, खाऊ. टक्, खाऊ. हे लिहायला जितकं कंटाळवाणं वाटतं त्याहून करायला जास्त कंटाळवाणं आहे. अनिकेतला लवकर कंटाळा येतो हे मला माहीत आहे. त्याला सांग, क्रिकेट बघता बघता कर, पण ओव्हर संपल्यावर.

हार्नेस अंगावर असताना ती जेवते, अंग झटकते, आळोखेपिळोखे देते असं दिसलं की घरातली लीश लाव आणि सोडून दे. धरू नकोस. शेपटीमागे आणखी एक शेपटी आल्यासारखी ती वळून वळून पाहील. तू तेव्हा खाऊचे तुकडे जमिनीवर टाकत घरभर हिंड. दोन-चार दिवस असेच. मग एकदा चालता चालता लीशचं टोक उचल, दोन बोटांत, आणि ती नेईल तिकडे तिच्या मागे जा. हो, तू तिच्या मागे. स्वयंपाकघर, बाल्कनी, पलंगाखाली काय आहे ते हुंगणं, सगळं. लीश कधीच ताणली जाता कामा नये. हाताला गुंडाळायची नाही. अचानक झटका बसला तर बोट दुखावतं.

आणि मग ती एक गोष्ट, जी मला सगळ्यात आवडते. तिच्या बाजूला उभी राहा, समोर नको. लीशला अगदी हलका ताण दे, सुती धागा तुटणार नाही इतका, आणि थांब. ओढू नकोस, सोडूही नकोस. ती मागे रेलेल, थांबेल, विचार करेल. कधीतरी वजन किंचित तुझ्याकडे येईल, पाऊलही नाही, नुसता खांदा. त्याच क्षणी ताण सोड, ‘छान!’ म्हण आणि खाऊ दे. ‘छान’ हाच शब्द तिघांनीही वापरायचा, त्याच सुरात. काही दिवसांत लीशवर जरासा भार आला की ती आपण होऊन तुझ्याकडे वळायला लागेल. तिच्या लक्षात आलेलं असतं की हा ताण संपवणं आपल्या हातात आहे. बाहेर रस्त्यावर मांजर दिसेल, फटाका वाजेल, त्या वेळी तुला उपयोगी पडणार आहे ते एवढंच. हे कौशल्य तिला तुझ्या हॉलमध्ये यायला हवं, कारण फुटपाथवर ते शिकवता येत नाही. तिथे जग फार जवळ असतं. लोक लीशकडे कुत्रं धरून ठेवायची दोरी म्हणून पाहतात. मी म्हणते ती सैल असतानाच कामाची. घट्ट झाली की काम थांबलं, मग नुसती ताकद उरली.

मग हॉल ते पॅसेज अशा फेऱ्या सुरू कर. लीश ताणली की तू थांबायचं. सैल झाली की चालायचं. मागे वळून बघायचं नाही, ‘चल चल’ नाही. वळण घेताना आधी मांडीवर हलकेच थाप दे म्हणजे तिला कळेल. घरात फिरायला जागा कुठे आहे, असं म्हणू नकोस. जागा कमी आहे म्हणून वळणं जास्त आहेत, आणि शिकणं वळणावरच होतं.

सासूबाईंविषयी. त्यांना कुत्र्यांची भीती वाटते, तरीही त्यांनी खारीला घरात येऊ दिलं ही मोठी गोष्ट आहे. तेव्हा ‘काही करत नाही ती’ हे वाक्य घरात बंद. खारी काही करत नसेल, पण प्रेमाने अंगावर उडी मारली आणि सत्तरीच्या बाईचा तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. घरातल्या लीशचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे. सासूबाई खोलीतून बाहेर येतात तेव्हा लीश तुझ्या पायाखाली असू दे. खारीला बसता येईल, वळता येईल इतकी सैल, उडी मारता येणार नाही इतकी आखूड. चारही पाय जमिनीवर आहेत तोवर खाऊ मिळत राहील. आणि एक उलटी काळजी: जमिनीवर लोळणारी लीश त्यांच्या पायात येऊ शकते. त्या चालत असताना टोक उचलून घे. त्यांच्या हातात लीश कधीच देऊ नकोस, त्यांनी हौसेने मागितली तरी. पुढेमागे खाऊचा तुकडा मात्र त्यांना टाकू दे, लांबून, जमिनीवर. माझा अंदाज सांगते, महिनाभरात खारी त्यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपत असेल आणि त्या तक्रार करत असतील की मेली आत का येत नाही.

संध्याकाळी तुम्ही टीव्हीपुढे बसता तेव्हा खारीची सतरंजी तुझ्या पायाशी, लीश सोफ्याच्या जड पायाला, तोंडाशी चघळायला काहीतरी. आधी पाच मिनिटं, मग पंधरा. एका जागी निवांत पडून राहणं हेही शिकावं लागतं. रस्त्यावर तिला एक डोळा उघडा ठेवूनच झोपायची सवय. खुर्चीला बांधू नकोस, ती ओढली जाते. बाल्कनीच्या गजांना तर कधीच नाही, कुत्रं गजांवरून पलीकडे उडी मारतं आणि लटकतं. गॅससमोर उभी असताना लीश कमरेला बांधायची नाही, हातात तापलेलं तेल असतं. आणि तू खोलीत नसशील, आंघोळीला गेलीस, दूध घ्यायला खाली गेलीस, तर लीश आधी काढायची. झोपतानाही काढायची. या एका बाबतीत मी अपवाद ऐकून घेणार नाही.

भीती वाटली की खारी भुंकून सांगणार नाही. ती जांभई देईल. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, खाऊ नसताना नाकावरून फिरलेली जीभ, तोंड दुसरीकडे वळवणं, उगीचच जमीन हुंगत बसणं. नॉर्वेच्या टुरिड रुगास यांनी कुत्र्यांच्या या खुणांवर एक छोटं पुस्तक लिहिलंय आणि माझ्या मते घरात कुत्रं असलेल्या प्रत्येकाने ते वाचावं. व्हिडिओत अनिकेत वाकून हात पुढे करतो तेव्हा खारी एकदा जीभ फिरवते आणि मान भिंतीकडे करते. पुन्हा पाहा. ती सांगते आहे, जरा लांब हो. ते ऐकलं तर ती पुढच्या वेळी तेवढंच सांगेल. नाही ऐकलं तर गुरगुरेल. गुरगुरली म्हणून तिला रागावू नकोस. गुरगुरणं बंद केलेलं कुत्रं न सांगता चावतं.

दत्तक देणारी मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवसांत धक्का ओसरतो, तीन आठवड्यांत दिनक्रम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. अंदाज म्हणून ठीक आहे. कॅलेंडरवर खुणा मात्र करू नकोस, मग कुत्रं मागे पडलं म्हणून तू झुरत बसशील.

घरात लीश सैल राहू लागली की दार. आधी फक्त दार उघडायचं, बाहेर जायचं नाही. मग पॅसेज, रात्री अकरानंतर, सगळे झोपल्यावर. मग जिना थोडा, एक मजला. लिफ्ट सगळ्यात शेवटी. लिफ्टमध्ये शिरताना तिला आखूड धर आणि दोघी एकदमच आत जा. कुत्रं आत, माणूस बाहेर, लीश दारात आणि लिफ्ट सुरू, यात कुत्र्यांचे जीव गेले आहेत. खाली उतरलीस की हार्नेसच्या जोडीला गळपट्ट्यालाही एक दुसरी हलकी लीश लाव. पहिल्या महिन्यांत घाबरलेलं कुत्रं हार्नेसमधून मागच्या मागे निसटतं, आणि पुण्यासारख्या गावात निसटलेलं कुत्रं शोधणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या चार-पाच कुत्र्यांना खारी परकी आहे. ती उठून आली तर लीश आवळू नकोस, खारीला लगेच कळतं की तू घाबरलीस. लांबून अर्धवर्तुळ घेऊन निघून जा.

सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललंय ते तू पाठवलंस. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना २०१५ पासून आहेत. सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, त्याला लिफ्टमधून न्यायलाही नाही. त्या सूचना छापून जवळ ठेव, पण पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नकोस. त्याआधी महापालिकेचा परवाना काढ, रेबीजच्या लसीचा दाखला फाइलला लाव आणि शी उचलायची पिशवी लोकांना दिसेल अशी हातात धर. निम्मी भांडणं पिशवी दिसली की मिटतात. लिफ्टवरून सगळ्यात जास्त बोलणाऱ्या काकांच्या दारावर दत्ताची तसबीर आहे म्हणालीस ना? चार कुत्री असतात त्या चित्रात, एकाच्याही गळ्यात पट्टा नसतो. काकांना हे सांगायचं नाही, मला लिहायचा मोह आवरला नाही इतकंच.

गणपती जवळ आलेत, ढोलपथकांचा सराव तुमच्याकडेही सुरू झाला असेल. आत्तापासून आवाजाच्या वेळी खिडक्या लाव, पंखा मोठा कर आणि ढोल सुरू झाला की खाऊ टाकायला लाग. क्रम तोच, आधी ढोल, मग चिकन. विसर्जनाच्या दिवशी तिला दुपारीच आतल्या खोलीत ने, खाली न्यायचं ते सकाळी. फार थरथरत असेल तर तिच्या डॉक्टरांना या आठवड्यातच विचारून ठेव, आदल्या रात्री नको. आणि घरातली माणसांची झोपेची गोळी कुणी सुचवली तर ऐकू नकोस. यंदा घरी गणपतीला लोक येतील, खारीला बघायलाही येतील. येऊ देत. पण तिला बाहेर आणून दाखवायचं नाही.

मी गौरींच्या आधी दोन दिवस येते. दार तू उघड, लीश तुझ्या हातात असू दे. मी खारीकडे बघणार नाही, वाकणार नाही, नावाने हाक मारणार नाही. चपला काढून सरळ स्वयंपाकघरात जाईन आणि चहा टाकीन. तिला वाटलं तर ती येऊन माझी साडी हुंगेल. नाही वाटलं तर दुसऱ्या दिवशी.

हे पत्र अनिकेतला वाचायला दे, सासूबाईंना वाचून दाखव. त्यांना माझा नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. अनिकेतने ऑनलाइन मागवलेली ती आपोआप गुंडाळणारी लीश परत पाठव. तिच्यात स्प्रिंग असते, त्यामुळे दोरीला कायम थोडा ताण राहतो आणि कुत्रं जितकं ओढेल तितकी दोरी सुटत जाते. म्हणजे आपण हॉलमध्ये जे शिकवतोय त्याच्या बरोबर उलट. शिवाय हातातून सुटली तर ते प्लॅस्टिकचं धूड खडखडत तिच्या मागे धावतं.